उंची शेवटी

नवा फोन आला तेव्हा धाकटी शाळेतल्या बाईंच्या कोटाची काजं करत होती. वय चौपन्न, डोक्यावरचे निम्मे केस पांढरे, तरी गल्लीत सगळे तिला धाकटीच म्हणत. दुकानात मोठी ताई होती, म्हणून ही धाकटी. ताई कापायची, ही शिवायची, एकतीस वर्षं हेच चाललं होतं. ताई जाऊन अकरा महिने झाले, नाव मात्र बदललं नाही.

फोन भाचीनं पाठवला होता. भाची म्हणजे मधल्या बहिणीची मुलगी, दुसऱ्या शहरात नोकरीला आणि जन्मापासून घाईत. दोघी बहिणींचा मिळून बटणांचा एकच जुना फोन होता, तो आठवड्यापूर्वी बंद पडला. त्याच्या बटणांतली डावी रांग, एक, चार, सात, पार पुसली गेली होती, कारण ताई डावखुरी. धाकटीनं तो टाकून दिला नाही, सुयांच्या डब्यात ठेवला.

सिम आत गेलं आणि लगेच भाचीचा फोन आला.

"मावशी, स्पीकर लाव आणि मी सांगते तसं कर."

उंटावरून शेळ्या हाकायचा तो कार्यक्रम पुरे दोन तास चालला. आधी अक्षरं मोठी केली. मग कानठळ्या बसवणारी रिंग बदलून साधी घंटी ठेवली. मग उजव्या अंगठ्याचा ठसा दिला. हे धाकटीला आवडलं, कुलूप आणि किल्ली दोन्ही आपल्याच अंगावर. शेवटी भाची म्हणाली, "आता ॲप. लागतील तेवढीच ठेव. उगीच गर्दी केलीस तर तुलाच सापडायचं नाही काही."

"मला काय लागणार आहे? मशीन आणि दोरा."

"मावशी, प्लीज हं."

मग निवड झाली. फोन, मेसेज, कॅमेरा, कॅल्क्युलेटर, घड्याळ, हवामान, टॉर्च, रेडिओ. आठ. 'नोंदवही' नावाचं एक होतं, ते धाकटीनं काढून टाकलं. मापं कागदावर लिहायची असतात, काचेवर नाही. ही आठही चित्रं तिनं पडद्याच्या उजव्या कडेला एकाखाली एक लावली, अंगठा सहज पोचेल अशी. दुकानात भिंतीवर कात्र्या टांगतात तशी. दुसऱ्या पानावरही तिनं काही राहू दिलं नाही. मग फोन कापायच्या टेबलावर ठेवला, कारण इस्त्रीचा प्लग तिथेच होता आणि चार्जरला दुसरी जागा नव्हती.

ते टेबल तिच्या मशीनच्या मागे होतं. ती मशीनवर बसली की टेबलाकडे पाठ यायची. पूर्वी पाठीमागून ताईच्या कात्रीचा आवाज यायचा. अकरा महिन्यांत त्या टेबलावर धाकटी कापायचं तेवढं कापायची आणि पटकन पाठ फिरवून बसायची. ती शांतता समोर घेऊन बसवत नव्हतं तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उचलला तर आठही चित्रं डाव्या कडेला.

"तुझा हात लागला असेल," भाची म्हणाली. "सेटिंगमध्ये जाऊन मांडणी लॉक कर." धाकटीनं चित्रं परत उजवीकडे आणली आणि लॉक केली. जेवून येऊन बघते, तर पुन्हा डावीकडे. आणि त्यांच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, नववं चित्र. नोंदवही.

"अपडेट आलं असेल गं. नव्याचे नऊ दिवस असा त्रास देतात फोन."

धाकटी 'बरं' म्हणाली. पण तिनं फोन डाव्या हातात धरून पाहिला. अंगठा बरोबर नोंदवहीवर पडत होता. घरात एकच माणूस डाव्या हाताचं होतं. लहानपणी आईनं ओरडून पाहिलं, मास्तरांनी छड्या मारून पाहिल्या, ताईचा हात काही बदलला नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं आई म्हणायची. मेल्यावर तरी जाते, असं कुणी सांगितलंय?

ताईचा मृत्यू साधाच झाला. म्हणजे डॉक्टरांच्या लेखी साधा. त्या दुपारी ताईनं निळ्या लोकरीचं कापड टेबलावर पसरलं होतं. धाकटीसाठी लांब कोट शिवायचा, हे तिनं परस्पर ठरवलं होतं. "जगाला कोट घालतेस आणि स्वतः थंडीत कुडकुडतेस. ऊठ, उभी राहा, माप घेते."

"उद्या घे गं ताई. हातात काज आहे."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"उद्या म्हटलं ना!"

तासाभरानं ताई टेबलाशीच खाली बसली, गळ्यात टेप तसाच, आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. ते एक 'उद्या' धाकटीच्या घशात अजून अडकलेलं होतं. निळं कापड घडी करून कपाटात ठेवलं होतं. दुसऱ्या कुणाला माप द्यायचं तिच्या मनात कधी आलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं नोंदवही उघडली. आत एकच ओळ होती.

डावा खांदा – सव्वासात.

तिनं फोन उलटा ठेवला आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. सगळं जग उजव्या खांद्यापासून माप घेतं, किंवा सरळ दोन्ही खांद्यांचं एकदम. डाव्यापासून सुरू करून दोन्ही वेगळे लिहिणारी एकच बाई तिला ठाऊक होती. "दोन खांदे सारखे असतात असं तुला कुणी सांगितलं?" असं ताई गिऱ्हाइकाला ऐकवायची.

मग रोज एक ओळ येऊ लागली, आणि यायची ती धाकटी मशीनवर बसलेली असताना, भर दुपारी, रस्त्यावर माणसांची ये-जा चालू असताना. उजवा खांदा – सात. छाती – चौतीस. कंबर – एकोणतीस. एकदा तिला मानेजवळ काहीतरी गार लागल्यासारखं वाटलं, टेपच्या टोकाला पितळी पट्टी असते तसं. तिनं मशीन थांबवलं नाही. थांबवलं तर जाईल, ही भीती होती. घाबरायचं ते ताई परत आली म्हणून की ती परत जाईल म्हणून, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर तिला पक्कं माहीत होतं.

डावी बाही – सव्वाबावीस. उजवी बाही – बावीस. मनगट – साडेसहा.

मग ओळी थांबल्या. एक दिवस गेला, दोन गेले. उंची राहिली होती, मानेपासून गुडघ्याखालपर्यंतची.

रविवारी भाची आली. फोनवर मावशीचा आवाज ऐकून तिला राहवलं नव्हतं. दाराशी बॅग टाकून तिनं आधी फोनच मागितला. मांडणी पाहिली, लॉक तपासलं, मग ठशांची यादी उघडली आणि भुवया वर गेल्या.

"मावशी, इथे दोन बोटं आहेत. दुसरं कुठलं दिलंस?"

"एकच दिलं होतं. उजवा अंगठा."

भाचीनं मावशीची दहाही बोटं एकेक करून टेकवून पाहिली. ज्या बोटाचा ठसा असेल त्याचं नाव यादीत उजळतं. उजव्या अंगठ्याला 'बोट १' उजळलं. 'बोट २' कशालाच उजळलं नाही. भाचीनं स्वतःचीही बोटं टेकवून पाहिली आणि मग हात कुर्त्याला पुसला.

धाकटीनं नोंदवही तिच्यापुढे धरली.

"हे तू लिहिलंयस," भाची वाचून म्हणाली. आवाज मऊ केला होता तिनं, आजारी माणसाशी बोलतात तसा. "मोठ्या मावशीची आठवण येते म्हणून. लक्षात राहत नाही कधीकधी."

"स्वतःचे खांदे स्वतःला मोजता येतात का गं?"

"मग जुन्या वहीतलं उतरवलं असशील."

"जुन्या वहीत माझी कंबर एकतीस आहे. टेप घे. मोज."

भाचीनं नाइलाजानं टेप घेतला. डावा खांदा सव्वासात. उजवा सात. कंबर एकोणतीस, सुताचाही फरक नाही. बाह्यांपर्यंत ती आलीच नाही. टेप टेबलावर ठेवला आणि फोन उचलला.

"मी रिसेट करते. सगळं पुसून कोरा करते. मग नव्यानं लावू."

"पुसलं की नोंदवही जाईल?"

"सगळं जाईल, मावशी. जायलाच हवं."

धाकटीनं फोन तिच्या हातातून काढून घेतला. इतक्या जोरात, की दोघींनाही नवल वाटलं.

"अकरा महिने मी त्या टेबलाकडे पाठ करून बसलेय," ती म्हणाली. "एक माप राहिलंय. मीच दिलं नव्हतं. ते घेतल्याशिवाय मी तिला घालवणार नाही."

"आणि घेतल्यावर?"

धाकटीनं फोन परत टेबलावर, चार्जरला लावून ठेवला. भाची रडली, रागावली, "तू माझ्याकडे राहायला चल" म्हणाली, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. जाताना तिनं मावशीला घट्ट धरलं. "पुढच्या रविवारी न्यायलाच येते," म्हणाली.

सोमवारी सकाळी धाकटीनं दुकान झाडलं. निळं कापड कपाटातून काढून टेबलावर ठेवलं, त्याच्यावर टेप, शेजारी खडू आणि फोन. मशीन बंदच ठेवलं.

उंची ताई नेहमी शेवटी घ्यायची. नवं माणूस टेप बघितला की ताठरतं, छाती काढतं, पोट आत ओढतं. बाकीची मापं घेईपर्यंत दमतं आणि अंग सोडतं. तेव्हा ते खरं जेवढं आहे तेवढं उभं राहतं, असं ताईचं म्हणणं. उंची लिहिली की खाली एकच ओळ उरायची, द्यायची तारीख. एकतीस वर्षांत ताईची तारीख चुकली नाही. लिहिलेल्या दिवशी कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढायचाच, मग पूर येवो नाहीतर घरात तापाचं माणूस असो.

धाकटी टेबलाकडे पाठ करून उभी राहिली. हात सोडले. समोर दाराच्या काचेतून रस्ता दिसत होता. एक सायकल गेली.

"ताई," ती म्हणाली, "आज हातात काज नाही."

काही झालं नाही.

"मी तुझ्यावर ओरडले गं. दोन मिनिटं मागत होतीस."

तिचे खांदे खाली आले. डोळे भरून आले, ते तिनं पुसले नाहीत. अंग सैल सुटलं.

मानेच्या मणक्यावर गार पितळ टेकलं.

मग टेप पाठीवरून खाली उतरत गेला, सावकाश, कमरेवरून, गुडघ्याच्या मागून. ती हलली नाही. श्वासही तिनं, माप देताना घ्यायला ताई गिऱ्हाइकांना सांगायची तसा, संथ घेतला.

मानेपाशी काहीतरी एकदा हलकेच ओढल्यासारखं झालं.

मागे फोनची घंटी एकदाच वाजली.

बऱ्याच वेळानं ती वळली. टेप होता तिथेच होता. नोंदवही उघडी होती.

उंची – बेचाळीस.

द्यायची तारीख – गुरुवार, सोळा.

तिनं ते दोनदा वाचलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आज तेरा. मग तिनं स्वयंपाकघरात जाऊन भात टाकला आणि पोटभर जेवली. कित्येक महिन्यांत तिला अशी भूक लागली नव्हती. जेवून मशीनवर बसली आणि राहिलेले कपडे एकामागून एक हातावेगळे करू लागली. निळं कापड मात्र तिनं टेबलावर तसंच राहू दिलं; ते कापायचं काम ताईचं होतं. फोन तिनं डाव्या हातानं उचलून शेजारी ठेवला होता.

दुपारी शाळेतल्या बाई कोट घालून बघायला आल्या. आरशासमोर वळून पाहिलं, खूश झाल्या.

"अहो, तुमच्या मानेवर खडू लागलाय," त्या म्हणाल्या. "आडवी रेघ आहे, अगदी मधोमध. तिथे हात तरी कसा पोचला तुमचा? थांबा, झटकते."

धाकटी पटकन मागे सरली.

"राहू द्या, बाई. असू दे ती."

बाई हसल्या. "बरं बाई. बटणं तेवढी राहिलीत ना? मग मी शुक्रवारी शाळा सुटल्यावर न्यायला येते."

धाकटीनं दातानं दोरा तोडला.

"शुक्रवारी नको," ती म्हणाली. "बुधवारीच न्या. या खेपेला सगळ्यांचंच बुधवारपर्यंत देतेय मी."