चार मात्रांची जागा

"ताई, तुम्ही कॅमेऱ्यात येताय. जरा बाजूला थांबाल?" माहितीपट करणाऱ्या बाईने विचारलं, आणि ती मुकाट्याने स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली... बाजूला राहण्याची तिला चाळीस वर्षांची सवय होती.

खोलीत तिचे अब्बा व्हायोलिन लावत होते. समोर मांडीवर ऊद हे तंतुवाद्य घेऊन त्यांचा ज्यू मित्र बसला होता; लहानपणापासून ती त्याला काका म्हणायची. ज्यूंविरुद्धच्या दंगलीच्या धास्तीने तो बायकामुलांसह देश सोडून गेला, तेव्हापासूनची ही पहिलीच भेट. तो गेल्यावर अब्बा रेडिओच्या वाद्यवृंदात प्रत्येक ओळीनंतर चार मात्रा नुसते गप्प बसू लागले. प्रमुखांनी समजावून पाहिलं, शेवटी घरी पाठवलं. भल्या माणसाची आठवण गेली, असं लोक म्हणाले. तिनेही तेच धरून पंधराव्या वर्षी शाळा सोडली, शिवणयंत्रापुढे बसली, आलेली दोन स्थळं परत पाठवली. विसरभोळ्या बापाला टाकून जायचं तरी कसं... रडू कधी आलं नाही. मन बधिर झालं होतं, इतकंच.

अब्बांनी पहिली ओळ वाजवून गज थांबवला, आणि त्या चार मात्रांत ऊद बोलू लागला. उत्तर जागेवर चपखल बसलं. म्हणजे अब्बा विसरले नव्हते. त्यांनी मित्राची जागा राखून ठेवली होती.

चौथ्या ओळीला काकांची बोटं तारांवर अडखळली. "माझ्याच्याने होत नाही रे. आता तू वाजव."

"ती तुझी जागा आहे."

"मीच सांगतोय ना? वाजव."

अब्बांनी गज टेकवला आणि मित्राचं उत्तर एकही सूर न चुकवता वाजवून दाखवलं.

अब्बांना ते येत होतं... पहिल्या दिवसापासून येत होतं! तिने दाराची चौकट घट्ट धरली.

व्हायोलिन खाली ठेवून अब्बांनी तिच्याकडे पाहिलं. "मी ते वाजवलं असतं, तर हा कायमचा गेला, असं झालं असतं. म्हणून ह्याची जागा राखली, पोरी... आणि तुझी घालवली. तुला हे सांगायची हिंमतच झाली नाही."

"मला तर वाटायचं, तुमचं डोकं गेलंय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

रोजच्यासारखी ती पुढे झाली, अब्बांच्या खांद्यावर सांडलेली, गजाला लावायच्या राळेची भुकटी झटकायला. एकदा झटकली, आणि हात तिथेच राहिला. काकांनी सरकून सतरंजीवर जागा केली. ती दोघांच्या मधे बसली.

"ताई, तुम्ही कॅमेऱ्यात येताय," बाई हळूच म्हणाली.

"येऊ दे," ती म्हणाली. "अब्बा, पहिल्यापासून वाजवा."