अंबादास वैरागडेची पहिली चूक

"तुमच्या जावयासाठी मी काहीही करणार नाही, मॅडम," डॉ. प्रफुल्ल गावंडे म्हणाले. "आधीच सांगून ठेवतो."

"मी कुठे काही मागितलं?" कुमुदिनी खानझोडे म्हणाल्या. "तुमचं यंत्र दाखवा. जन्म मी दिला आणि अजून तोंड पाहिलेलं नाही."

नागपूरच्या त्या प्रयोगशाळेत तोंड म्हणावं असं काही नव्हतंच. एक थंडगार खोली, काळी कपाटं आणि एक पडदा. यंत्राचं कागदोपत्री नाव सत्यान्वेषक, पण सगळे त्याला अंबादासच म्हणत. कुमुदिनीबाईंच्या अकरा जाडजूड कादंबऱ्यांचा नायक इन्स्पेक्टर अंबादास वैरागडे त्याच्या स्वभावजालात उतरवलेला होता. हा यांत्रिक अंबादास पुरावे तपासून मत द्यायचा आणि न्यायालयं ते मानायची. औषधांचे व्यापारी साबळे यांच्या जेवणाच्या डब्यात विष कालवून त्यांचा भागीदार विलास टेंभुर्णे यानेच त्यांचा खून केला, असं मत त्याने नुकतंच दिलं होतं. खात्री सत्त्याण्णव टक्के. आणि हा विलास म्हणजे कुमुदिनीबाईंचा जावई.

जावई त्यांना पहिल्यापासून पसंत नव्हता. आळशी, बोलघेवडा, दुपारी तीनपर्यंत लोळणारा. पण झुरळ दिसलं की पलंगावर चढून बसणारा माणूस खून करेल, हे त्यांना पटेना. तिकडे मुलीने, रेवतीने, अन्न टाकलं होतं. पोरीकडे पाहवेना, तेव्हा बाईंनी पदर खोचला.

"तो चुकत का नाही?" त्यांनी विचारलं.

"चुकत असेलही. पण त्याला तसं कधी वाटत नाही, कारण तुम्ही त्याला एकदाही चुकू दिलं नाहीत. अकरा गुन्हे, अकरा गुन्हेगार, सगळे अचूक. अशा आयुष्यातून जो स्वभाव घडतो त्याला शंका ठाऊकच नसते."

"शंका नसते कशी? माझा अंबादास प्रत्येक साक्षीदाराला तोच प्रश्न तीनदा विचारतो."

"हाही तीनदा तेच गणित करतो आणि तीनदा तेच उत्तर काढतो. का विचारायचं, ते त्याला माहीत नाही. तुम्ही कुठे लिहिलेलंच नाही."

पहिल्या कादंबरीच्या वेळी प्रकाशक बाईंना म्हणाला होता, थोडी पानं वाढवा. तीनदा विचारण्याच्या त्या खोडीमागे एवढंच कारण होतं.

"आणि मी नवीन गोष्ट लिहिली तर?"

"बारावी लिहाल तर अकरांच्या ओझ्याखाली दबून जाईल. मात्र यंत्र गोष्टी छपाईच्या क्रमाने वाचत नाही, नायकाच्या वयाच्या क्रमाने वाचतं. सगळ्यात आधी घडतं त्याला आम्ही आद्यसंस्कार म्हणतो. लहानपणी कुत्रं चावलेला माणूस म्हातारपणीही कुत्रं दिसलं की रस्ता ओलांडतो ना, तसं आहे. चाळीस पानांची पूर्वकथासुद्धा पुढच्या सगळ्या कादंबऱ्यांचा अर्थ फिरवू शकते." गावंडे पुढे म्हणाले, "करारानुसार तुमची अंबादासची प्रत्येक गोष्ट मला त्याला द्यावीच लागते. पण ती जुन्या अकरांशी जुळली पाहिजे. जावई सुटावा म्हणून रचलेली थाप तो फेकून देईल."

बाई घरी आल्या आणि लिहायला बसल्या. बावीस वर्षांचा अंबादास, भंडाऱ्याला नवा फौजदार. भातगिरणीच्या मालकाचा खून होतो. तो चौकीदाराच्या बायकोला विचारतो, "कोण आलं होतं?" ती म्हणते, "सुकराम." अंबादास खूश. पुन्हा विचारत नाही. सुकराम फासावर गेल्यावर बाजारात तीच बाई सहज बोलून जाते, सुकराम आला होता खरा, पण खुनाच्या आदल्या दिवशी.

आपल्याच हाताने आपल्या माणसाचं नाक कापायचं, हे सोपं नव्हतं. लोक रस्त्यात थांबवून अंबादासची चौकशी करत, इतकं त्याचं नाव त्यांनी वाढवलं होतं. प्रकाशक फोनवर म्हणाला, वाचक चिडतील. "चिडू देत," बाई म्हणाल्या. लिहिताना त्या दोनदा रडल्या. स्वतःचं रडणं त्यांना मुळीच आवडलं नाही, पण एक ओळही त्यांनी मऊ केली नाही.

पूर्वकथा अकराही कादंबऱ्यांशी चोख जुळली. यंत्राने ती स्वीकारली, साबळे प्रकरण पुन्हा तपासलं आणि पडद्यावर तीन शब्द आले: मला माहीत नाही.

तेवढ्यावर ते थांबलं नाही. आपली आधीची कितीतरी मतं त्याने मागे घेतली. वर्तमानपत्रांनी गावंडेंना फाडून खाल्लं, तरी त्यांनी पूर्वकथा पुसायला नकार दिला. विलासविरुद्ध त्या मतापलीकडे काही नव्हतं, तो सुटला.

"म्हणजे त्यांनी केलं नाही, असंच नं?" रेवतीने गावंडेंना विचारलं.

"केलं की नाही ते सांगायला पुरावा पुरत नाही, ताई."

"अहो, अंबादासने निर्दोष म्हणायला हवं होतं!" कुमुदिनीबाई उसळल्या.

"निर्दोष म्हणायलाही खात्री लागते, मॅडम. ती तुम्हीच काढून घेतलीत."

विलास सासूबाईंकडेच राहायला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी, जन्मात कधी गॅस न पेटवलेल्या त्या माणसाने तर्री-पोहे केले. दोन बशा भरून टेबलावर आणल्या, एक रेवतीपुढे ठेवली आणि एक बाईंपुढे.

"तुमच्यामुळं सुटलो, आई. आधी तुम्ही खाऊन तर पाहा."

बाईंना भीती वाटली. झुरळाला भिणारा माणूस डब्यात विष कालवू शकतो की नाही, हे त्यांना कुणी सांगू शकत नव्हतं. सांगू शकणाऱ्या एकुलत्या एकाला त्यांनीच गप्प केलं होतं. पण सोडवून आणलेल्या माणसाच्या हातचं खायचं नाही, तर त्याला सोडवलं कशाला? विलास हात पुसत उभा होता. त्याचे डोळे पाणावले होते, आणि त्यावरूनही काही ठरत नव्हतं.

त्यांनी चमचा भरला, खाल्ला, पुन्हा भरला. बशी चाटूनपुसून रिकामी केली.

"झकास झालेत, विलासराव."

रेवतीने हसून आपला चमचा उचलला. बाईंनी तिच्यापुढची बशी स्वतःकडे ओढली.

"तुला तिखट सोसत नाही," त्या म्हणाल्या, आणि तीही खाऊ लागल्या.