मागच्या खोलीतली भेट

आमच्या घरात मी सोडून कुणाच्याही खांद्यावर माझी मुलगी झोपते. त्या रात्री ती जाऊबाईंच्या खांद्यावर झोपली, तीन मिनिटांत. त्याआधी मी तिला घेऊन पाऊण तास घरभर येरझाऱ्या घातल्या होत्या. "अगं, तुझा हात ताठ असतो. तिला कळतं ते," जाऊबाई म्हणाल्या. प्रेमानं म्हणाल्या, म्हणून जास्तच लागलं. बालसंगोपनाची चार पुस्तकं वाचलेली बाई मी. त्यात जावेच्या खांद्याबद्दल अवाक्षर नाही.

जेवणं आटोपून आम्ही गच्चीवर बसलो होतो. चुलतसासरे मुक्कामाला आले होते. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. तीस वर्षं त्यांनी बालकल्याणाच्या कचेरीत काढली, त्यातली शेवटची बारा साहेब म्हणून. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरचं वाचलं असावं.

"सूनबाई, जळू नये इतकं."

"मी कुठं जळतेय?"

"धूर इथवर येतोय," नवरा म्हणाला.

काका हसले नाहीत. "एक सांगतो. ऐकीव नाही, माझ्या हाताखालच्या बाईंच्या बाबतीत घडलेलं. फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार होता. वेळही सांगतो, संध्याकाळचे पावणेआठ."

त्या बाईंना कचेरीत सगळे टिपणबाई म्हणायचे. कुणाच्या घरी गेल्या की मुलाची नखं कापलीत का इथपासून सगळं टिपून आणायच्या. मूल एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवलं की काम संपत नाही, तिथून सुरू होतं, असं त्यांचं म्हणणं. आई चुकली असेल तर तिला उभं करायचं, आजी-मावशी-मामा सगळ्यांना एका सतरंजीवर बसवायचं, मुलाचं घर त्याला परत जोडून द्यायचं.

हे प्रकरण दहा महिन्यांच्या मुलाचं होतं. आई एकटी, रात्रपाळीला जायची, शेजारीण लक्ष ठेवेल या भरवशावर. एका रात्री शेजारीणच घरी नव्हती. मूल रडरड रडलं, लोकांनी कचेरीला कळवलं. टिपणबाईंनी त्याला आईच्या थोरल्या बहिणीकडे ठेवलं. मावशीचं घर आरशासारखं लखलखीत. तिला मूलबाळ नव्हतं, पण पाळणा आठ वर्षांपूर्वीच घेऊन ठेवलेला. मूल आईकडे परत जाणार की कायमचं मावशीकडे राहणार, हे तीन महिन्यांनी ठरायचं होतं.

तोवर आईनं आठवड्यातून तीनदा संध्याकाळी साडेसहाला यायचं, मागच्या खोलीत बाळाला स्वतः निजवायचं आणि जायचं. तेवढा वेळ मावशीनं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. नियम टिपणबाईंचाच.

"नियम चांगला होता," काका म्हणाले. "पण आपल्याच घरात, आपल्याच बंद दारामागे दुसरी कुणी अंगाई म्हणतेय, ती ऐकत स्वयंपाकघरात बसायचं... सख्खी बहीण झाली म्हणून काय झालं?"

जाऊबाईंनी माझ्या मुलीची मान हळूच सावरली. मी पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

सहाव्या आठवड्यात मावशी कचेरीत आली. "मॅडम, ती गेली की बाळ तासभर रडतो हो. मला बघवत नाही. थोडे दिवस भेटी थांबवा ना."

इथं टिपणबाई चुकल्या. आई गेल्यावर मूल रडतं ते आईचा त्रास होतो म्हणून नाही, आई हवी असते म्हणून. कचेरीतल्या नव्या मुलींना हे त्या स्वतः शिकवायच्या. पण त्या दिवशी समोर मावशीचे डोळे भरलेले, टेबलावर अकरा फायली पडलेल्या. आईला एका शब्दानं न विचारता त्यांनी लिहून टाकलं, 'बाळ अस्वस्थ होत असल्याने भेटी दोन आठवडे बंद.'

"खाली सही माझी," काका म्हणाले.

आईला चिठ्ठी गेली. ती तापानं फणफणत होती, पण आजारपण फाइलमध्ये गेलं तर मूल मिळायचं नाही, या धास्तीनं तिनं सगळं अंगावर काढलं. भेटी बंद झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, तिनं दवाखान्यात प्राण सोडला. कचेरीत फोन आला तेव्हा सहा वाजले होते. हे फोनवर सांगायचं नसतं, मी जाऊन येते, असं म्हणून टिपणबाई निघाल्या. बस मिळाली, बसायला जागाही मिळाली. पावणेआठला त्या मावशीच्या दारात होत्या.

दार उघडल्या उघडल्या मावशी दबक्या आवाजात तडकली.

"भेटी बंद म्हणालात ना? मग हिला कुणी पाठवलं?"

"कुणाला?"

"आमच्या धाकटीला. साडेसहाला मी मागं दोरीवरचे कपडे काढत होते. आत येतेय तर ही बया खोलीत, पाठमोरी. माझ्याशी एक शब्द नाही. दार लोटून घेतलं. तेव्हापासून मी माझ्याच घरात पाहुण्यासारखी बसलेय."

टिपणबाईंनी कान दिला. आत कुणीतरी थापटत होतं.

थप्... थप्... थप्...

एका लयीत. बाळाच्या पाठीवर पोकळ हात पडावा तसं.

त्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं. चपलांचे जोड दोन. एक मावशीचा. एक त्यांनी आत्ता काढलेला.

"ताई, तुम्ही आधी बसा."

"बसू काय? वेळ संपली म्हणून सांगा तिला. तुमचाच नियम ना?"

"ताई... त्या आज दुपारी गेल्या. चार वाजून दहा मिनिटांनी. दवाखान्यातून फोन होता."

"कोण गेलं?"

टिपणबाईंनी बंद दाराकडे पाहिलं.

थप्... थप्...

मावशी हसली. हसू अर्ध्यावरच राहिलं. "मग आत कोण थापटतंय?"

...

थापटणं थांबलं.

मग पलंग करकरला. एकदाच. निजलेलं मूल उठू नये म्हणून कुणीतरी जपून, एकेक इंच...

"सूनबाई, तुला ठाऊक आहे तो आवाज," काका म्हणाले.

मला ठाऊक होता.

दार मावशीनंच ढकललं. दिवा चालू. खिडकीला गज, तिची कडी आतून लावलेली. पलंगावर बाळ, कुशीवर. गाढ. दुसरं कुणी नाही.

मावशी बघत उभी राहिली. बहीण गेल्याचं ऐकून तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे, "माझ्यापाशी... इतका शांत... कधीच नाही झोपला."

काका थांबले. जाऊबाई उठल्या आणि माझी मुलगी माझ्या मांडीवर ठेवून गेल्या आपल्या जागी. ती उठली नाही. अशा वेळीही मला आधी काय वाटलं असेल, तर जिंकल्यासारखं वाटलं. लाज वाटली, पण नंतर.

"पुढं?" नवऱ्यानं विचारलं. आवाज त्याचा वाटेना.

"पुढं काय? मूल मावशीकडेच राहिलं. दुसरं होतं कोण त्याला? पण सकाळी दहाला टिपणबाई माझ्या टेबलाशी. नवं टिपण घेऊन. 'शुक्रवार. आईची भेट झाली. साडेसहा ते पावणेआठ. बाळ शांत. भेटी बंद करण्याचा निर्णय चुकीचा होता.' मी म्हटलं, अहो बाई, गेलेल्या माणसाची भेट मी कशी मान्य करू? वरून विचारलं तर काय दाखवू?"

"मग?"

"म्हणाल्या, साहेब, ही मुलं मोठी होतात आणि एक दिवस येऊन आपली फाइल मागतात. आईबद्दल शेवटचं काय वाचायचं त्यानं? भेटी बंद?"

काका पाणी प्यायले. भांडं खाली ठेवताना त्याचा आवाज झाला, आम्ही सगळेच दचकलो.

"मी पेन उचललं नाही. तेव्हा त्यांनी पर्समधून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत बाळाचं लाळेरं. रात्री त्याच्या गळ्यातून सोडून आणलेलं. म्हणाल्या, मावशीनं भरून ठेवलेली बाटली ओट्यावर तशीच होती. गार. बाळानं तोंडही लावलं नव्हतं. आणि घरात दुसरं दूध..."

तिथंच त्या थांबल्या होत्या.

"लाळेरं दुधानं भिजलेलं. रात्रभर पिशवीत राहिलेलं. मी हातात घेतलं..."

त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं.

"सही केलीत?" मी विचारलं.

"केली."

माझी मुलगी झोपेत सुस्कारली.

"कोमट होतं गं अजून."