हवा काढताना

त्या दोघांची ओळख झाली ती एका उडीमुळे. होडी धक्क्यावरून सुटलीच होती. तो हत्यारांची पिशवी छातीशी कवटाळून धावत आला, उडी मारून थेट इंजिनाशेजारी आदळला आणि माफी मागायची सोडून कान टवकारून म्हणाला, "खोकतंय हो हे."

"तुम्हाला बसायचंय की तपासायचंय?" सुकाणूपाशी उभ्या असलेल्या तिने विचारलं.

"दोन्ही जमेल, कॅप्टन."

तेव्हापासून महिनाभर तो रोज सकाळी पलीकडे जायचा, तिकडच्या गिरणीत पंप बसवायला. तो तिला कॅप्टन म्हणायचा, ती त्याला मिस्त्री. पाण्याचे तुषार तोंडावर उडाले तरी तो पुसायचा नाही, तिच्याकडे बघत राहायचा... आणि ती मोठ्या निष्ठेने समोरच्या काठाकडे बघायची.

आज मात्र होडी धक्क्यालाच खिळली होती. होडी तिच्या बाबांची, आणि आजवर ती त्यांच्या सोबतीनेच चालवायची. पण त्यांचे गुडघे आता साथ देत नव्हते आणि होडी विकत घ्यायला वाळूवाले शेठ दहा वाजता यायचे होते. बाबांनी लेकीला एकच संधी दिली होती. "शेठ यायच्या आत एकटीने पलीकडे जाऊन ये. आलीस तर होडी तुझी. नाही तर मी शब्द देऊन मोकळा."

इंजिनाने ऐन वेळी दगा देऊ नये म्हणून मिस्त्री सातलाच आला होता आणि त्याने दोन्ही डिझेल फिल्टर बदलले होते. आता सव्वानऊ झाले होते. इंजिन नुसतं कण्हत होतं, पेटत नव्हतं.

"थांबा, बॅटरी बसेल," तो म्हणाला. "फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते. ती काढली की झालं."

इंजिनाजवळच्या मोठ्या फिल्टरवरचा स्क्रू त्याने सैल केला आणि हातपंप मारायला घेतला. फेस आला, बुडबुडे आले. निव्वळ डिझेलची धार यायला हवी होती, पण पुन्हा बुडबुडेच. त्याच्या कपाळावर घाम दाटला.

धक्क्यावरच्या बाकावरून बाबा खाकरले. "काय हो मिस्त्री, गिरणीवाला सांगत होता, पंप बसून आठ दिवस झाले म्हणे. मग रोज पलीकडे कशाला जाता?"

मिस्त्रीचा हात थबकला. कान लालेलाल.

"हवा... हवा छान असते तिकडे," तो पुटपुटला.

"इथेही काही कमी नाही," ती बुडबुड्यांकडे बघत म्हणाली. बाबा पोट धरून हसले. तिला मात्र हसू आवरता आवरेना आणि रडूही. घड्याळ साडेनऊ दाखवत होतं. तिने मनातल्या मनात हात जोडले, मग पदर खोचला.

"मिस्त्री, हवा आत कुठून येते ते तर शोधू. टाकीकडून येणारी नळी सोडवा आणि पंपाची नळी या कॅनमध्ये बुडवा."

त्याने कॅनमधल्या डिझेलमध्ये नळी बुडवली, पंप मारला. चार झटक्यांत अखंड, पारदर्शक धार!

"म्हणजे पंप बरा आहे. दुखणं त्याच्या मागे आहे," ती म्हणाली. "टाकी आणि पंप यांच्यामध्ये काय आहे?"

"छोटा फिल्टर." त्याचा आवाज उतरला. "मीच बसवलेला."

त्याने फिल्टर फिरवून काढला. तो जिथे बसतो त्या वरच्या झाकणावरून बोट फिरवलं. जुनी रबरी रिंग तिथेच चिकटून राहिली होती. नवी तिच्यावर बसली होती आणि त्या फटीतून पंप डिझेलऐवजी हवा ओढत होता.

"अहो, जुनी रिंग काढायची विसरलात?"

"बारा वर्षांत पहिल्यांदा." त्याने नजर वर केली नाही. "तेव्हा तुम्ही दोर आवरत होता. काहीतरी गुणगुणत होता... मी फिल्टर हाताने बसवला, पण डोळे..." 

"डोळे?"

"ते तुमच्याकडे होते. रोजच असतात. कॅप्टन, आज माझ्यामुळे तुमची होडी गेली, तर मी स्वतःला माफ करणार नाही. पण राहिली... तर माझ्याशी लग्न कराल?"

लाटा धक्क्यावर आपटत राहिल्या.

"आधी रिंग काढा," ती हळूच म्हणाली.

जुनी रिंग निघाली, फिल्टर बसला, टाकीची नळी परत जोडली. या वेळी टाकीतूनही धार अखंड आली. त्याने स्क्रू आवळला, मग नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट सैल केले. "मारा सेल्फ!" तिने स्टार्टरचं बटण दाबलं. डिझेलचे थेंब उडाले, एकेक नट तो आवळत गेला. बॅटरी मरगळत चालली होती... आणि पांढऱ्या धुराचा लोट सोडून इंजिन धडधडलं!

तो उडी मारून धक्क्यावर उतरला. तिने एकटीने होडी सोडली, पलीकडचा काठ गाठला आणि वळवली. इंजिनाने एकदाही ठेच खाल्ली नाही. ती परत धक्क्याला लागली आणि त्यानंतरच शेठ येऊन बाबांशेजारी बसले.

"माफ करा शेठ," बाबा म्हणाले, "होडीला मालकीण आहे."

मिस्त्री पायरीवर घामाने चिंब होऊन उभा होता. इंजिनाच्या धडधडीत आवाज चढवून ती ओरडली, "हो!"

"काय?"

"हो म्हणते आहे!"

"ऐकू येत नाही!"

तिने हात पुढे केला आणि चालू इंजिन बंद केलं. सगळीकडे एकदम शांतता झाली.

"अहो, बंद का केलंत?" तो घाबरून म्हणाला. "बॅटरी थकलेली आहे. परत सुरू नाही झालं तर?"

"तर तुम्ही आहात ना," ती म्हणाली. "मी 'हो' म्हटलं, मिस्त्री. लग्नाला."