हिरवी ताणपट्टी

सकाळच्या पाळीला भाजलेल्यांच्या वॉर्डात सात वर्षांची एक मुलगी दगावली. सिस्टर ज्योत्स्ना गेडामने तिच्या हातातली सलाईनची सुई काढली, तिच्या आईला बाहेर बाकावर बसवलं, वेळेची नोंद केली आणि पुढच्या खाटेवरचं ड्रेसिंग सोडायला घेतलं. शेजारच्या दोघी सिस्टरांच्या मनगटावरच्या ताणपट्ट्या लाल झाल्या होत्या. ज्योत्स्नाची हिरवीच होती.

ताणपट्टी येऊन दोन वर्षं झाली होती. घामातलं ताणाचं संप्रेरक आणि नाडीची लय मोजून ती परिचारिकेच्या मनावरचा भार दाखवी. लाल झाली, की तीन दिवस सक्तीची रजा आणि समुपदेशन. हिरवी असेल तिच्याकडे सगळ्यात गंभीर रुग्ण. यामुळे नोकरी सोडणाऱ्या सिस्टर थांबल्या, हे इंचार्ज सिस्टर कुंदा उईके यांनी स्वतः पाहिलं होतं. पण गेल्या चार महिन्यांत ज्योत्स्नाची पट्टी एकदाही पिवळीसुद्धा झाली नव्हती. या काळात तिच्याकडचे अकरा रुग्ण दगावले होते.

लाल पट्टीच्या दोघी रजेवर गेल्याने ज्योत्स्नाला दुपारची पाळीही करायची होती. मधल्या वेळात ती कपडे बदलायच्या खोलीत उघडा डबा घेऊन बसलेली कुंदाताईंना दिसली. पोळीचा तुकडाही मोडलेला नव्हता.

"घरी कसं चाललंय गं?"

"परवा पोरगी सायकलवरून पडली. गुडघा फुटला. मी जखम धुतली, ड्रेसिंग केलं. ती रडत म्हणाली, आई, तू सिस्टरसारखी नको ना करू." ज्योत्स्नाने डबा बंद केला. "मला काहीच वाटलं नाही, सिस्टर. तेव्हाही नाही, आज सकाळीही नाही."

कुंदाताईंनी मानसोपचार विभागात डॉ. निलोफर अत्तार यांना फोन लावला. पट्ट्यांचं काम त्यांच्याकडे होतं.

"पट्टी बिघडलेली नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तिचं संप्रेरक खरंच वाढत नाहीये. महिनोन्‌महिने इशारे देऊन शरीर थकलं, की कधीकधी ते इशारा द्यायचंच सोडतं."

"म्हणजे शांत माणूस आणि आतून संपलेला माणूस, पट्टीला दोघं सारखेच?"

"हो."

हिरव्या पट्टीवर रजा द्यायची सोय संगणकात नव्हती. कुंदाताईंनी कोऱ्या कागदावर महिन्याची रजा लिहून सही केली आणि ज्योत्स्नाचे तिन्ही रुग्ण स्वतःकडे घेतले. सकाळपासून उभं राहून त्यांच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या, आणि आता ज्योत्स्नाची दुपारची पाळीही त्यांनाच करायची होती.

"उद्यापासून रोज अत्तार मॅडमकडे बसायचं. पहिल्या दिवशी मी येते बरोबर," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. चार महिने मी पट्टीच बघत बसले, तुझ्याकडे बघितलंच नाही."

ज्योत्स्नाने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. दारापर्यंत जाऊन ती वळली.

"सिस्टर, तिथे बसून मला रडू आलं, पट्टी लाल झाली, तर मी बरी होतेय असं समजायचं का?"