दौलतरावांचं अर्ध्या किलोचं माप

खरी गोष्ट आहे. पटत नसेल तर देवळीत येऊन डॉ. इंदिराबाईंना विचारा. त्या दारातूनच हाकलतील, पण खोटं आहे असं म्हणणार नाहीत.

मागचा मार्च. सकाळचे अकरा. पुलगावजवळचा नदीकाठ.

भाजीवाल्या दौलतरावांचा दहावा होता. भंगारातला एक चकचकीत तुकडा ते अर्ध्या किलोचं माप म्हणून वापरायचे. आधी तळहात भाजला, मग केस गेले, मग माणूसच गेला. इंदिराबाईंनी दाखल्यावर स्पष्ट लिहिलं, किरणोत्सर्ग. माप मात्र घरात सापडेना.

"विजेचा धक्का लिहा मॅडम," वरून आलेला साहेब घाटावरही पिच्छा सोडेना. "लोक घाबरतील."

"घाबरू द्या. घाबरले तर जपतील."

पिंड ठेवला. कावळे जमले...

एकही शिवेना.

"खुशीले शिकवीन," दौलतरावांच्या बायकोनं, कुसुमबाईंनी हात जोडले. "वावर इकनार नाई. आता काऊन अडून राह्यले जी?"

कावळे हलले नाहीत.

तेवढ्यात इंदिराबाईंच्या पर्समधलं किरणं मोजायचं मीटर वाजलं.

टक्...

त्या पिंडाकडे वळल्या. शांत.

झाडाकडे वळल्या. शांत.

चार पावलांवर नात खुशी बसली होती, मांडीवर थैली घेऊन. तिकडे वळताच टकटक वेडी झाली.

"थैलीत काय आहे गं?"

"आबाजीचं माप."

"तुमी घेऊन जासान म्हनून लपवलं होतं," कुसुमबाई रडू लागल्या. "त्याइच्या आवडीचं. पिंडापाशी ठेवाचं होतं."

इंदिराबाईंनी थैली दूर भिरकावली, पोरीला उचललं आणि सगळ्यांना मागे पिटाळलं. साहेब सर्वांत पुढे पळाला.

"दौलतराव!" त्या ओरडल्या. "पोरीला मी बघीन. आणि दाखला बदलणार नाही!"

कावळा झेपावला. पिंडाला शिवला.

संध्याकाळी शिशाची पेटी घेऊन तज्ज्ञ आले. खुशीचं रक्त दर महिन्याला तपासतात. अजून तरी ठीक आहे.

दवाखान्यात परतल्यावर इंदिराबाईंनी मीटर उघडलं.

आत सेल नव्हते...

ते सकाळपासून टेबलाच्या खणातच होते.

दाखला बदला म्हणणारे कागद अजून येतात. त्या फाडून टाकतात. मीटर बिनसेलचंच टेबलावर असतं.

परवा भर दुपारी ते वाजलं...

टक्.

इंदिराबाई घाबरल्या, खोटं कशाला बोला.

मग उठून त्यांनी चपला घातल्या.

"चला दौलतराव. आता कुणाच्या घरी?"