उडी येते, शिडी असते

वाचनालयाच्या वरच्या खोलीत प्लग एकच होता आणि लॅपटॉप दोन. वायर लावता लावता शेजारच्या अनोळखी मुलाची नजर माझ्या स्क्रीनवर गेली.

"किल्ली माडीवर, आणि माडीच्या दाराला तीच किल्ली? खेळणाऱ्यानं काय दारात बसून रडायचं?"

"तीच चूक शोधतेय," मी म्हटलं. "आणि दुसऱ्याच्या कामात डोकावू नये."

तोही माझ्यासारखाच निघाला — व्हिडिओ गेममधल्या वस्तूंच्या जागा बदलून दर वेळी नवा डाव मांडणारा. पण त्याचा गेम वेगळा, आणि कुठली वस्तू मिळाल्याशिवाय कुठे जाता येत नाही, हे लिहायची पद्धतही वेगळी. दोन्ही गेम मिसळून एकच डाव मांडायचा, तर नियमांची भाषा एक हवी. ती मी करणारच होते; आता तोही सोबत आला. तीन आठवड्यांनी, रविवारी, दोन्ही गेम खेळणाऱ्या मंडळींना दाखवायची होती. नाही पटली, तर ज्याचा तो मोकळा. तोसुद्धा.

सगळे दिवस आम्ही एकाच गोष्टीवरून भांडलो. त्याला नियमांत ‘जमलं तर’ हवं होतं.

"भिंतीला शिडी लागते, मान्य. पण मुरलेला खेळाडू उडीच मारतो, न्यायाधीशबाई!"

"‘जमलं तर’ म्हणजे हो की नाही? प्रोग्रॅमला कळायला नको?"

"तुला कधी... अंदाजानं, थोडंसं, काही वाटतच नाही का गं?"

मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. वाटत होतं. थोडंसं नव्हे.

शेवटच्या शनिवारी गेममधल्या त्या भिंतीवरून तो तिसऱ्यांदा पडला. "च्यायला, मला उडी येतच नाही!"

"काय म्हणालास?"

"येत नाही म्हटलं. हस आता."

मी हसले नाही. शिडी जवळ असते, उडी येते. क्रियापदंच वेगळी! वस्तूंना ‘आहे’, कौशल्यांना ‘येतं’ — आणि काय काय येतं, ते खेळाडूनं सुरुवातीलाच सांगायचं, म्हणजे ‘जमलं तर’चं हो की नाही तिथंच ठरलं. त्यानं खुर्ची जवळ ओढली. मी सांगत गेले, तो टाइप करत गेला. कोपराला कोपर लागलं... दोघांनीही ते हलवलं नाही.

रविवारी हजार मिश्र डाव चालवले. एकही अडकला नाही. मंडळींनी भाषा उचलून धरली, टाळ्या वाजवल्या आणि ती पांगली. तो खुर्च्या भिंतीला लावू लागला — एकेक, फार सावकाश.

"मग... झालं काम," तो म्हणाला.

"झालं. आता भेटायला कारण उरलं नाही." मी लॅपटॉप मिटला. "मला तरीही भेटायचंय. तू मला आवडतोस."

तो खुर्ची हातात धरूनच उभा राहिला.

"मी तीन आठवडे हेच वाक्य जुळवतोय... आणि तू एका दमात?"

"मग ऐकव की तुझं."

त्यानं ती खुर्ची माझ्यासमोर ठेवली.

"बस," तो म्हणाला. "लांबलचक आहे."